कोल्हापुरातून हंपी-बदामी स्वतःच्या गाडीनं: पहिल्यांदाच लांब निघणाऱ्यांसाठी

कोल्हापूरकर गोव्याला, गणपतीपुळ्याला किंवा पुण्याला सहज जाऊन येतो. सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला पोचलं, एवढाच तो प्रवास. चार दिवसांची, आठ-नऊशे किलोमीटरची फेरी मात्र वेगळी असते. तिथं नुसती गाडी चालवता येऊन भागत नाही, दिवस मांडता यावा लागतो. ज्यांनी अशी फेरी अजून केलेली नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरणाला हंपी-बदामीची फेरी घेतली आहे. रस्ता बरा आहे, अंतर आवाक्यातलं आहे आणि वाटेत थांबण्याजोगं इतकं काही आहे की निवड करायला शिकावंच लागतं.

माझी पहिली फेरी फसली ती याच निवडीपायी. दोन दिवसांत हंपी, बदामी आणि येताना सौंदत्ती असा बेत होता. गाडीत आई-वडील, बायको आणि पाच वर्षांची मुलगी. लक्कुंडीच्या पाटीजवळ वडील म्हणाले, "इथं जुनी देवळं आहेत रे, बघायची का?" मी म्हटलं, "येताना बघू." येताना आम्ही दुसऱ्याच रस्त्यानं आलो. हंपीत अंधार पडल्यावर पोचलो, दुसऱ्या दिवशी दुपारी निघालो आणि घरी आल्यावर आईला विचारलं काय आवडलं, तर तिला दगडी रथाशिवाय काही आठवेना. त्यानंतर मी बेत आखायची पद्धतच उलटी केली. आधी थांबे ठरवतो, मग मुक्काम आणि शेवटी किलोमीटर.

आधी महिना ठरवा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. एप्रिल-मेमध्ये हंपीचे दगड तापतात, पारा चाळिशीला टेकतो आणि अकरा वाजल्यानंतर लहान मुलं नि म्हातारी माणसं देवळाच्या सावलीतून बाहेर यायला तयार होत नाहीत. पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबरात, माळ हिरवा असतो आणि गोकाकचा धबधबा भरून वाहत असतो. मात्र जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडचा पूर लक्षात ठेवा. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि वाहतूक बंद पडली. निपाणीजवळ यमगर्णीलाही वेदगंगा अशीच रस्ता अडवते. पंचगंगा इशारा पातळीकडे चालली असेल तर बेत पुढं ढकला.

तारखांचं आणखी एक पथ्य आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीची यल्लमाची यात्रा असते आणि निम्मं कोल्हापूर त्या रस्त्यावर असतं. १ नोव्हेंबरला कर्नाटकात राज्योत्सव असतो. त्या दिवशी बेळगावात मिरवणुका आणि सीमाप्रश्नाचा काळा दिवस दोन्ही असतात, शहरात गाडी घालू नये. सीमेवर वातावरण तापलं असेल तर निघायच्या आदल्या दिवशी बातम्या बघा. नाताळच्या आठवड्यात हंपीत खोली मिळणं अवघड जातं. शक्य असेल तर मंगळवारी किंवा बुधवारी निघा. एक लहानशी पण महत्त्वाची गोष्ट: पुरातत्त्व खात्याची कमलापूर, बदामी आणि ऐहोळची संग्रहालयं शुक्रवारी बंद असतात, म्हणजे मंगळवारी-बुधवारी निघालात तर बदामीचं किंवा ऐहोळचं हुकेल.

मग थांब्यांची यादी करा आणि निम्मी खोडा

कागद घ्या. रस्त्यावर आणि रस्त्याच्या आसपास जे जे ऐकून माहीत आहे ते सगळं लिहून काढा. आमच्या घरची यादी अशी झाली होती: स्तवनिधी, गोकाक, बेळगावचा किल्ला, कित्तूर, धारवाड, हुबळी, गदग, लक्कुंडी, तुंगभद्रा धरण, हंपी, आनेगुंदी, इलकल, ऐहोळ, पट्टदकल, बदामी, बनशंकरी, सौंदत्ती. सतरा ठिकाणं आणि चार दिवस.

आता प्रत्येकापुढे दोन आकडे लिहा. महामार्ग सोडून परत महामार्गाला लागेपर्यंत किती मिनिटं जातील हा पहिला, आणि तिथं प्रत्यक्ष किती वेळ लागेल हा दुसरा. गाडी लावणं, चपला काढणं-घालणं, मुलांना लघवीला नेणं, चहा हे सगळं त्यात धरा. पंधरा मिनिटांचा थांबा असा नसतोच. पाच जणांची गाडी थांबली की अर्धा तास गेला, असं समजूनच चाला. दिवसाला एक मोठा थांबा आणि फार तर दोन छोटे. यापेक्षा जास्त घातले की शेवटचा थांबा अंधारात येतो.

काय ठेवायचं नि काय खोडायचं याचं माझं मोजमाप साधं आहे. गाडीतल्या निदान एका माणसाला त्या जागेबद्दल आधीपासून काही माहीत हवं. ज्यानं गायक मल्लिकार्जुन मन्सूर ऐकले आहेत त्याला धारवाडात उतरावंसं वाटेल. घरात कुणी इरकल साडी नेसत असेल तर ती जिथली, ते इलकल टाळूच नका. ज्या ठिकाणाशी गाडीतल्या कुणाचंच नातं नाही, ते कितीही नावाजलेलं असलं तरी खोडा. या कसोटीवर मी तुंगभद्रा धरण, बेळगावचा किल्ला आणि हुबळी खोडली. सौंदत्तीला आम्ही वर्षाआड जातोच, म्हणून तीही गेली.

अंतर आणि खर्च

कोल्हापूर ते बेळगाव साधारण ११० किलोमीटर. तिथून धारवाड ७५, हुबळी आणखी २०, हुबळी ते गदग ६० आणि गदगहून कोप्पळमार्गे होस्पेट ९०-९५. होस्पेट ते हंपी १३. एकूण पावणेचारशेच्या आत-बाहेर. हंपीहून इलकल, ऐहोळ, पट्टदकल करत बदामी १८०-१९० आणि बदामीहून गोकाकमार्गे घर सव्वादोनशेच्या आसपास. तिथल्या तिथं फिरणं धरून फेरी ९०० किलोमीटरची माना. गाडी लिटरला १६ देत असेल तर ५६ लिटर लागतील. १०५ रुपये दरानं जवळपास ५,९०० रुपये. टोल, दोन गावांतल्या तीन रात्रींचा मुक्काम, जेवणं आणि तिकिटं वेगळी. पेट्रोल-डिझेलचे दर दोन राज्यांत वेगवेगळे असतात. त्यामुळे कागलच्या अलीकडचा फलक बघून ठेवा, सीमेपलीकडचा बघा आणि मग टाकी कुठं फुल्ल करायची ते ठरवा. टाकी निम्म्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, विशेषतः होस्पेट सोडल्यावर.

वेळेबद्दल: नकाशा जो वेळ दाखवतो त्यात एक चतुर्थांश मिळवा. मोबाइल विश्रांती घेत नाही, माणसं घेतात.

पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना एक गोष्ट सांगावी लागते. १ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटकातल्या शहरांची नावं कन्नड उच्चाराप्रमाणे झाली. पाट्यांवर आणि नकाशावर तुम्हाला बेळगावी, हुब्बळ्ळी, होसपेटे दिसेल. होसपेटे म्हणजे आपलं होस्पेट. ते आता विजयनगर जिल्ह्याचं मुख्य ठिकाण आहे. हा जिल्हा २०२१ मध्ये बळ्ळारीतून वेगळा झाला.

गाडी आणि कागद

निघायच्या आठवडाभर आधी गाडी फिटरला दाखवा. आदल्या दिवशी नको. काम केल्यावर दोन-तीन दिवस गावात फिरवली की काही राहून गेलं असेल तर ते कोल्हापूरच्या उद्यमनगरमध्येच लक्षात येतं, कोप्पळच्या माळावर नाही. ब्रेक, इंजिन ऑइल, कूलंट, वायपर आणि सगळे दिवे बघून घ्या. कूलंटचं झाकण गरम इंजिनावर कधीच उघडायचं नाही, हे घरातल्या दुसऱ्या चालकालाही सांगून ठेवा.

टायरबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण लांबच्या रस्त्यावर टायरनं दगा दिला तर सावरायला वेळ मिळत नाही. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा एक शिक्का असतो. २३२१ असेल तर तो टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी शाबूत दिसली तरी रबर वयानं कडक होतं. पाच-सहा वर्षं झाली असतील तर टायरवाल्याला दाखवा आणि तो बदला म्हणाला तर घासाघीस करू नका. हवा सकाळी, टायर थंड असताना भरायची. किती भरायची ते चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. सामान आणि पाच माणसं असतील तर तिथला पूर्ण भाराचा आकडा घ्या. स्टेपनीत हवा आहे का ते हमखास राहतं. जॅक आणि पाना गाडीत आहेत हे डोळ्यांनी बघा आणि घराच्या दारात एकदा चाक काढून परत बसवा. अर्धा तास जाईल, पण रस्त्यावर हात थरथरणार नाहीत.

लायसन, आरसी, विमा, पीयूसी हे सगळं डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये असलं तरी चालतं. मी मात्र झेरॉक्सची एक पिशवी ठेवतोच, कारण मोबाइलची बॅटरी नेमकी तपासणीच्या वेळीच उतरलेली असते. फास्टॅगमध्ये पैसे आणि केवायसी दोन्ही बघा. टॅग चालला नाही तर टोलनाक्यावर जास्त पैसे भरावे लागतात. खासगी गाडीसाठी वर्षभराचा किंवा २०० फेऱ्यांचा पास मिळतो, २०२५ मध्ये तो सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांना होता. वर्षात पुण्याला वरचेवर जाणार असाल तरच तो घ्या, एवढ्या फेरीसाठी लागत नाही. राष्ट्रीय महामार्गावर काहीही अडलं तर १०३३, आणि कुठल्याही संकटात ११२. हे दोन आकडे कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा.

दिवस पहिला: पहाटे निघा, उजेडात पोचा

साडेपाचला तावडे हॉटेलच्या चौकातून महामार्गाला लागलात की दिवस तुमचा. त्याआधी मात्र निघू नका. ऊसतोडीच्या हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, कागल, निपाणी, संकेश्वर या पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर कारखान्याकडे चाललेले असतात. मागच्या ट्रॉलीला दिवा नसतो, रिफ्लेक्टर उसाच्या पाल्याखाली झाकलेला असतो आणि अंधारात तो डोंगर एकदम समोर उभा राहतो. आपल्या भागातल्या किती घरांनी यात माणसं गमावली आहेत! दिवस उजाडेपर्यंत डाव्या पदरातून, साठच्या वेगानं चला. संध्याकाळीही हाच नियम.

कागलनंतर कोगनोळीचा टोलनाका, मग निपाणी. निपाणी सोडली की तवंदीचा घाट लागतो. घाट छोटा आहे, पण उतारावर अवजड ट्रक असतात. उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवा, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका. बेळगावच्या अलीकडचा वंटमुरी घाटही तसाच.

नाष्टा बेळगावात करा. शहरात खोल शिरायची गरज नाही. आमच्याकडे धपाटी, दही आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात असते. पेट्रोलपंपाच्या कडेला सावली बघून पंगत बसते. बाहेर खायचं असेल तर पहिल्या दिवशी तिखट मिसळ नको. गाडी चालवणाऱ्याला तहान लागते, सुस्ती येते आणि पुढं अजून अडीचशेच्या वर किलोमीटर उरलेले असतात. कुंदा घ्यायचा मोह आत्ताच होतो, घ्या. परतीला गाडी बेळगावातून जाणार नाही.

कित्तूर हा पहिला खरा थांबा. बेळगावहून तासाभराच्या आत, महामार्गाला लागूनच. राणी चन्नम्मानं दत्तक वारस नाकारणाऱ्या इंग्रजांशी १८२४ मध्ये इथं लढाई दिली आणि पहिल्या लढाईत जिंकली. कलेक्टर थॅकरे त्यात मारला गेला. झाशीच्या आधी तेहतीस वर्षं. वाड्याच्या भिंती पडक्या आहेत, पण चौक, हौद आणि स्वयंपाकघर ओळखू येतं. मुलांना आधी गोष्ट सांगून ठेवली तर ती स्वतःच खोल्या शोधत फिरतात. सव्वा तास पुरे.

धारवाडात दुपारचं जेवण. बाहेरून बघितलं तर हे शांत, झाडांचं गाव आहे. पण कोल्हापूरकराचं याच्याशी नातं जुनं आहे. शाहू महाराजांच्या दरबारी असलेल्या अल्लादिया खाँसाहेबांची गायकी त्यांच्या मुलांकडून, मंजी खाँ आणि भूर्जी खाँ यांच्याकडून, धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सूरांपर्यंत पोचली. कन्नडचे मोठे कवी द. रा. बेंद्रे इथलेच, आणि त्यांच्या घरची भाषा मराठी होती. मी इथून पुढं गाडीत मन्सूरांचं ध्वनिमुद्रण लावतो आणि हुबळी येईपर्यंत कुणी बोलत नाही. धारवाडी पेढा घ्या. तो आपल्या पेढ्यासारखा मऊ पांढरा नसतो. खवा तपकिरी होईपर्यंत परततात, म्हणून दोन-चार दिवस टिकतो.

धारवाड-हुबळी बायपासवर सावध राहा. हा पट्टा वर्षानुवर्षं अरुंद आणि अपघाताचा म्हणून ओळखला जातो. इथं पुढच्या गाडीला मागं टाकायचा विचारसुद्धा करू नका. हुबळीपाशी आपला ४८ क्रमांकाचा महामार्ग बंगळूरकडे जातो आणि आपण ६७ क्रमांकाला, गदगच्या दिशेनं वळतो. काळी सपाट जमीन सुरू होते. ज्वारी, सूर्यफूल, हरभरा. डोंगराला सरावलेल्या डोळ्यांना हा मोकळेपणा फार वेगळा वाटतो.

गदगमध्ये भीमसेन जोशींचा जन्म झाला (१९२२). इथल्याच वीरेश्वर पुण्याश्रमात अंध मुलांना संगीत शिकवलं जातं. वेळ असेल तर त्रिकुटेश्वराच्या आवारातलं सरस्वतीचं छोटं देऊळ बघा, खांबांवरची नक्षी जवळून बघण्यासारखी आहे. पण वेळ एकाच गोष्टीला असेल तर गदग सोडा आणि लक्कुंडीला जा.

लक्कुंडी गदगपासून बारा किलोमीटरवर, होस्पेटच्याच रस्त्यावर आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं हे गाव. काशीविश्वेश्वराच्या देवळाचा दरवाजा बघताना मी दरवेळी वेळ विसरतो. चौकटीवर नक्षीचे एकात एक इतके पट्टे आहेत की मोजताना चुकतो. अत्तिमब्बे नावाच्या दानशूर बाईनं १००७ मध्ये बांधवलेली जैन बसदी, म्हणजे मंदिर, जवळच आहे. पायऱ्यापायऱ्यांची कल्याणी, म्हणजे आपल्या भाषेत बारव, थोडं चालल्यावर. आपल्या खिद्रापूरचा कोपेश्वर ज्यांनी मनापासून बघितला आहे, त्यांना इथं ओळखीचं काहीतरी सापडतं. कोपेश्वर शिलाहारांचा, पण बांधणीची घडण याच मुलखातली. गावात घराघरांच्या मध्ये देवळं आहेत, शेळ्या बांधलेल्या असतात, पोरं क्रिकेट खेळतात. गाडी मोठ्या रस्त्याला लावून चालत फिरा. वडिलांना इथं आणायचं राहिलं ते राहिलंच. आता प्रत्येक फेरीत मी इथं दोन तास धरतो आणि ते कापत नाही.

पावणेपाचला निघालं की सव्वासहाला होस्पेट.

मुक्काम कुठं करायचा

होस्पेटमध्ये हॉटेलं जास्त आणि गाडी लावायला जागा. हंपी गाव आणि कमलापूर जवळ पडतं, पण खोल्या लहान. आनेगुंदी नदीच्या पलीकडे. तिथं भाताची शेतं नि निवांतपणा आहे, पण गाडीनं नदी ओलांडायला लांबचा वळसा पडतो. विरूपाक्षापाशी नाव चालते ती माणसांसाठी, आणि पाणी वाढलं की बंद. पहिल्याच खेपेला म्हातारी माणसं बरोबर असतील तर होस्पेट घ्या. खोली ठरवताना फोनवर बोलून पोचायची वेळ सांगा आणि निघताना पुन्हा एक फोन करा. मी एकदा तो केला नाही आणि रात्री साडेनऊला आमची खोली दुसऱ्याला दिलेली निघाली.

मांसाहार करणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, हंपी गावात मांस-मच्छी आणि दारू चालत नाही. होस्पेटमध्ये मिळतं.

दिवस दुसरा: हंपी, गाडी कमी चालवायचा दिवस

हंपी एका दिवसात संपत नाही. १५६५ मध्ये राक्षसतागडीच्या, म्हणजे तालिकोटच्या लढाईनंतर हे राजधानीचं शहर लुटलं गेलं, उजाड झालं. त्याचे अवशेष कितीतरी चौरस किलोमीटरवर पसरले आहेत. म्हणून पहिल्या फेरीत तीनच जागा: सकाळी लवकर विठ्ठल मंदिर, मग राजवाड्याचा भाग म्हणजे कमळ महाल, हत्तीखाना आणि महानवमी चौथरा, आणि उन्हं कलल्यावर विरूपाक्ष नि हेमकूट टेकडी. विठ्ठल मंदिराचं तिकीट त्याच दिवशी कमळ महालाला चालतं, फेकू नका.

विठ्ठल मंदिराला गाडी अलीकडेच लावावी लागते. पुढचा किलोमीटरभर रस्ता बॅटरीवरच्या गाडीनं किंवा पायी. गुडघे दुखणाऱ्यांनी सकाळीच जावं, नंतर रांग लागते. पन्नासच्या नोटेवरचा दगडी रथ तो हाच. सगळे रथापाशी फोटो काढून परततात. तुम्ही आत जा. गाभारा रिकामा आहे. वारकरी परंपरा सांगते की पंढरपूरची विठ्ठलमूर्ती विजयनगरच्या राजानं इथं आणली होती आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत पंढरीला नेली. इतिहासकार यावर वाद घालतात, घालोत. माझी आई त्या रिकाम्या गाभाऱ्यापुढं हात जोडून बराच वेळ उभी होती, आणि दुसऱ्या फेरीत तिला जे आठवलं ते हे.

पाणी प्रत्येकी दोन लिटर, टोपी आणि अंधार पडायच्या आत टेकडीवरून उतरणं. माकडं फार आहेत, पिशवीत केळी ठेवून फिरू नका.

दिवस तिसरा: इरकल, ऐहोळ, पट्टदकल

होस्पेटहून कुष्टगीमार्गे इलकल. रस्ता रुंद, दोन-सव्वादोन तास. आपण जिला इरकल म्हणतो त्या साडीचं हे गाव. अंग वेगळं विणून पदर कोंडी पद्धतीनं जोडतात, म्हणजे पदराचे धागे अंगाच्या धाग्यांत एकेक अडकवतात. पदरावर लाल-पांढऱ्या दातांची जी नक्षी असते तिला टोपी तेनी म्हणतात. दुकानात शिरण्याआधी हातमागावर चाललेलं काम दाखवाल का, असं विचारा. एकदा विणताना बघितलं की किमतीवरून हुज्जत घालावीशी वाटत नाही. इथला एक तास हमखास दीड होतो, बेतात आधीच धरा. पुढं अमीनगडला करदंट मिळतं, डिंक, सुकामेवा आणि गुळाची वडी. थंडीत गाडीत असावंच.

ऐहोळला गेलात तर दुर्ग मंदिर नि लाडखान मंदिर सगळेच बघतात. पण पाय चालत असतील तर मेगुटीच्या टेकडीवर चढा. तिथल्या जैन मंदिराच्या भिंतीवर इ. स. ६३४ चा रविकीर्तीचा शिलालेख आहे. त्यात चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीच्या पराक्रमाचं वर्णन आहे आणि तो नव्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा स्वामी झाला असं लिहिलं आहे. आपल्या प्रदेशाचं नाव इतक्या जुन्या दगडावर कोरलेलं आहे, हे त्या भिंतीपुढं उभं राहून वाचलं की अंगावर काटा येतो.

पट्टदकल तिथून अर्ध्या तासावर, मलप्रभेच्या काठी. उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची शिखरं एकाच आवारात शेजारी शेजारी उभी आहेत. मुलांना फरक ओळखायला लावा. राणी लोकमहादेवीनं नवऱ्याच्या विजयाची आठवण म्हणून बांधवलेलं विरूपाक्ष मंदिर सगळ्यांत मोठं. वेरूळचं कैलास घडवणाऱ्यांपुढं याचाच नमुना होता, असं अभ्यासक मानतात.

या पट्ट्यात रस्ते अरुंद आहेत, मोबाइलची रेंज जाते आणि गुरं घरी परतायची वेळ साडेपाचची असते. नकाशा आधीच मोबाइलमध्ये उतरवून ठेवा आणि उजेडातच बदामी गाठा. मराठी बेळगाव-धारवाडपर्यंत चालते, इथं मात्र मोडकं कन्नड कामी येतं. बलक्के म्हणजे उजवीकडे, एडक्के म्हणजे डावीकडे, नीरू म्हणजे पाणी, एष्टु म्हणजे किती, साकु म्हणजे पुरे. एवढं बोललात तरी समोरचा माणूस दुकान सोडून वळणापर्यंत येऊन रस्ता दाखवतो, हा माझा दरवेळचा अनुभव.

दिवस चौथा: बदामी आणि घर

सकाळी आधी अगस्त्य तलावाच्या काठानं भूतनाथाच्या देवळापर्यंत चाला, मग लेण्या उघडल्या की लगेच वर जा. चार लेण्या, पायऱ्या उंच. पहिलीत अठरा हातांचा नटराज, तिसरीत इ. स. ५७८ चा लेख, चौथी जैन. बदामीपासून पाच किलोमीटरवर बनशंकरी. आपल्याकडच्या कित्येक घरांची ही कुलदेवता आहे. पौषात जत्रा असते तेव्हा गाडी आणू नका. देवळाच्या आवारात बायका डोक्यावरच्या बुट्टीतून कडक भाकरी, दही, उसळ आणि चटणी विकतात. जेवण तिथंच करा.

पाऊणला निघा. लोकापूर, यरगट्टीमार्गे गोकाक. धबधबा गावाबाहेर आहे, विचारत जावं लागतं. झुलत्या पुलाजवळ खडकाच्या कडेला कठडा नसलेल्या जागा आहेत, मुलांचा हात सोडू नका. फेब्रुवारीनंतर पाणी आटतं, तेव्हा सरळ घरी या. संकेश्वरला महामार्ग लागतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये परतत असाल तर इथं संकेश्वरी मिरची घ्या, वर्षाच्या चटणीचं काम होतं. त्यासाठी डिकीत एक पोतं मावेल एवढी जागा निघतानाच राखलेली असावी.

चालकानं दर दोन तासांनी उतरायचं, झोप आली तर वीस मिनिटं डोळे मिटायचे आणि कुणी कितीही घाई केली तरी ऐकायचं नाही. दोन चालक असतील तर दुपारच्या जेवणानंतरचा टप्पा ज्यानं कमी जेवलंय त्याच्याकडे द्या.

घरी पोचल्यावर त्याच रात्री बेताचा कागद काढा. प्रत्येक थांब्यापुढे प्रत्यक्षात किती वेळ लागला आणि कुणाला काय आवडलं ते लिहा. माझ्या कागदावर इलकलपुढे "दीड तास, तरी अपुरा" असं बायकोच्या अक्षरात लिहिलेलं आहे. तो कागद गाडीच्या कप्प्यात असतो.